दोष सांगून विकणे आहे

आमच्या डिंगोऱ्यात गेनूतात्यांकडून काही विकत घ्यायचं असेल, तर आधी तात्यांना दुसऱ्या कुठल्यातरी कामाला पाठवावं लागतं. नाहीतर व्यवहार होत नाही. गिऱ्हाइकाला वस्तू पसंत पडते, भाव ठरतो, गिऱ्हाईक खिशात हात घालतं आणि नेमके तेव्हाच तात्या घसा खाकरून म्हणतात, "आधीच सांगतो, मागनं कटकट नको." मग ते त्या वस्तूचे दोष सांगायला लागतात. एकदा लागले की थांबत नाहीत. गिऱ्हाइकाचा हात खिशातून रिकामा बाहेर येतो.

मागे त्यांनी म्हैस विकायला काढली होती. राजुरीहून पाहुणे आले. म्हैस दिसायला देखणी, अंगावर तेल लावल्यासारखी चमक. पाहुण्यांनी पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, कास पाहिली आणि माना डोलावल्या. तात्या म्हणाले, "आधीच सांगतो. लाथ मारती. डाव्या अंगाला बसलं तर लगीच मारती, उजव्या अंगाला बसलं तर जरा इचार करून मारती." पाहुणे चहाही न घेता राजुरीला परत गेले. म्हैस अजून तात्यांकडेच आहे आणि अजून विचार करूनच मारते.

मंचरच्या बाजारातही तीच गत. कांद्याचा लिलाव चालू, व्यापारी ढिगाभोवती उभे, भाव चांगला चढत चाललेला. तात्या पुढे होऊन व्यापाऱ्याला म्हणाले की वरचे बघू नका, जरा खालचे उकरा, खाली थोडे बसके आहेत. अडत्याने कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून तात्यांची गाडी आली की अडत्या स्वतः त्यांना समोरच्या हॉटेलात नेऊन बसवतो, भजी सांगतो आणि लिलाव उरकेपर्यंत हॉटेलवाल्याला त्यांच्याशी गप्पा मारायला लावतो. हॉटेलवाल्याची भजी कशी तेलकट असतात, ते तात्या त्याला तेवढ्या वेळात समजावून सांगतात.

पुतण्याच्या सोयरिकीच्या दिवशी घरच्यांनी शहाणपणा केला आणि तात्यांना गॅसचं सिलिंडर आणायला ओतूरला धाडलं. पण सिलिंडर लवकर मिळालं. पाहुणे अजून पोहेच खात होते. तात्यांनी सिलिंडर दारात टेकवलं आणि मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं की पोरगं मनानं चांगलं आहे, पण चार हाका मारल्याशिवाय उठत नाही आणि उठल्यावर मोबाइल बघत परत आडवं होतं. मुलीच्या वडिलांना ते इतकं पटलं, की त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. म्हणाले, ज्या घरात असा माणूस आहे तिथं आपल्याला काही झाकून ठेवणार नाहीत. आता सूनबाई नवऱ्यावर चिडली की म्हणते, "तात्यांनी आधीच सांगितलं होतं, माझंच चुकलं."

मी गावातल्या दूध डेअरीवर दूध मोजायला असतो. माझा आणि तात्यांचा संबंध रोजचा, सकाळ-संध्याकाळचा. दूध घालायला आलेला प्रत्येक माणूस फॅटच्या मशीनकडे अशा नजरेने बघतो, की जणू आत मीच बसून आकडे फिरवतोय. तात्या मात्र किटली ठेवतानाच सांगतात, "आज पातळ हाय. किटली इसळली ती निथळायची राहिली." मी म्हणतो, मशीनला तर बोलू द्या. मशीन बहुतेक वेळा तात्यांपेक्षा बरं बोलतं. स्वतःच्या दुधाला स्वतःहून पातळ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यामुळे तात्यांच्या तोंडून निघालं की ते खरंच असणार, असं मी धरूनच चाललो होतो. गिटारीच्या बाबतीत मी फसलो तो त्यामुळेच.

एका सकाळी दूध घालून झाल्यावर तात्या रिकामी किटली घेऊन नुसते उभे राहिले. एरवी ते थांबत नाहीत. गर्दी सरल्यावर त्यांनी विचारलं, मोबाइलवर जाहिरात टाकतात ती मला टाकता येते का. मी विचारलं, काय विकायचंय. ते म्हणाले, गिटार.

मला क्षणभर काही सुधरेना. मग आठवलं. संगीताची गिटार.

संगीता ही तात्यांची एकुलती एक मुलगी. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या तेव्हा ती शाळेत होती. तात्यांनी तिला एकट्याने वाढवलं, पुण्याला नर्सिंगला घातलं, ती तिथल्याच एका दवाखान्यात लागली. पगार सुरू झाल्यावर तिने कुणाकडून तरी वापरलेली गिटार विकत घेतली. सुट्टीला आली तेव्हा मी तिला फाट्यावर एसटीतून उतरताना पाहिलं होतं. पाठीवर ही भलीमोठी काळी बॅग. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, हा कुठल्या कंपनीचा फवारणी पंप गं. ती हसत हसत घरी गेली होती. पुढे तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, तिथे नोकरी, मग बाळ. गिटार डिंगोऱ्यातच राहिली.

आता तिने फोनवर सांगितलं होतं की तात्या, ती गिटार घरात उगाच अडचण करून राहिलीय, विकून टाका, शेळ्यांच्या गोठ्याला पत्रे होतील. तात्या म्हणाले, "तिनं सांगितलंय इका. मंग इकायची."

दुपारी मी फोटो काढायला गेलो. गिटार आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली होती, वरून धुतलेलं कापड पांघरलेलं. मी कापड काढलं, फोटो काढले, मोबाइलच्या उजेडात भोकातून आत चिकटवलेला कागद वाचला. परदेशी कंपनीचं नाव होतं. जाहिरातीत मी लिहिलं: परदेशी कंपनीची गिटार, उत्तम स्थितीत. तात्यांना वाचून दाखवलं तर ते अस्वस्थ झाले. मी वाजवून पाहिलीय का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर 'उत्तम' खोडायला लावलं. 'परदेशी'लाही त्यांची हरकत होती. कागद परदेशी आहे, लाकूड कुठलं ते कुणी पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी जाहिरात उरली ती अशी: गिटार विकणे आहे. दोष समक्ष सांगितले जातील.

मला वाटलं, हिला कोण विचारतंय. पण फोन यायला लागले. गिटारीपेक्षा दोष काय आहेत ते ऐकायची लोकांना उत्सुकता.

पहिल्यांदा जुन्नरहून कॉलेजची दोन पोरं मोटारसायकलवर आली. जुनी गिटार कशी पारखायची याचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते, त्यामुळे एकजण मोबाइलमध्ये बघून सांगायचा आणि दुसरा त्याप्रमाणे गिटार उलटीपालटी करायचा. मान सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. भोकाच्या आत डोकावून कागद वाचला. ओरिजनल वाटतेय, असं दोघं आपापसात कुजबुजले आणि मी सांगितलेला भाव त्यांना परवडतही होता. पुढचा खिशाकडे हात नेणार, एवढ्यात तात्यांनी घसा खाकरला.

"आधीच सांगतो, मागनं कटकट नको. ही डुप्लिकेट हाय. आतला कागद झेरॉक्सचा हाय."

पोरांचे चेहरे पडले. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. तात्यांनी सांगितलं की आमच्या पोरीला पुण्यात फसवलं, साधी पोर, तिला काय कळतंय. दोघांनी पोहे खाल्ले, तात्यांचे आभार मानले आणि गेले. मीही हळहळलो. बिचाऱ्या संगीताला कुणीतरी टोपी घातली होती. मी जाहिरात दुरुस्त केली, 'डुप्लिकेट' असा शब्द घातला आणि भाव उतरवला.

त्याचा परिणाम उलटाच झाला. आपली वस्तू डुप्लिकेट आहे असं कुणी स्वतः छापत नाही, तेव्हा नक्कीच यात काहीतरी गोम असणार आणि माल अस्सल असणार, असं लोकांनी ठरवलं. फोन दुप्पट झाले. तात्यांनी प्रत्येकाला काही ना काही सांगून वाटेला लावलं. एकाला मान वाकडी आहे म्हणाले, दुसऱ्याला पोट फुगलंय म्हणाले, तिसऱ्याला उंदरांनी आतून कुरतडलंय म्हणाले. मी आपला प्रत्येक दोष जाहिरातीत घालत गेलो. शेवटी ती जाहिरात कमी आणि पंचनामा जास्त वाटायला लागली.

मग आळेफाट्याजवळचे एक ढाबेवाले आले. त्यांना गिटार वाजवायची नव्हतीच. त्यांनी नवीन फॅमिली हॉल काढला होता आणि तिथल्या भिंतीवर काहीतरी मोठ्या शहरासारखं टांगायचं होतं. तात्यांनी सगळे दोष सांगितले. डुप्लिकेट आहे. चालेल. मान वाकडी आहे. दिसत नाही लांबून. उंदरानं खाल्लीय. आतनंच ना, मग काय हरकत आहे. ढाबेवाल्यांनी नोटा काढून मोजायलाही सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच तात्यांना असं गिऱ्हाईक भेटलं होतं, ज्याला दोषांची काही पडलेली नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"आजून एक हाय," ते म्हणाले. "टांगल्याव ती वाजती."

"म्हणजे?"

"आपआप. वारं सुटलं की. लई इचित्र आवाज येतो, कुनीतरी कण्हल्यावानी. मानूस जेवताजेवता उठतो."

ढाबेवाले थोडा वेळ गिटारीकडे बघत राहिले. त्यांचा हॉल महामार्गाला लागून, वारा भरपूर आणि गिऱ्हाईक सगळं रात्रीचं. त्यांनी नोटा परत खिशात घातल्या. पुढे मी तिकडून जाताना पाहिलं, तर त्या भिंतीवर त्यांनी बैलगाडीचं चाक टांगलंय. ते काही वाजत नाही.

त्या दिवशी मी घरी आलो पण जेवणात लक्ष लागेना. कण्हणारी गिटार मी कधी ऐकली नव्हती. फोटो काढताना मी आत उजेड टाकून पाहिलं होतं, उंदराने कुरतडल्याची एक खूण नव्हती. मानही मला सरळच वाटली होती. तात्या खोटं बोलत होते. हे मनात आलं आणि मला फॅटचं मशीनच बिघडल्यासारखं वाटलं. आता भरवसा ठेवायचा कुणावर.

त्यानंतर कल्याणी मॅडमचा फोन आला. त्या मंचरला एका शाळेत संगीत शिकवतात. त्यांची स्वतःची गिटार पडून फुटली होती आणि नवीचे भाव ऐकून त्या जुन्या शोधत होत्या. मी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं, की विकणारा माणूस असा असा आहे. त्या म्हणाल्या, मग तर मी येतेच. मंचरहून इतक्या लांब त्या स्कूटरवर आल्या, ओढणीने तोंड बांधून, ट्रकांचा धूर खात. तात्यांनी त्यांना ओट्यावर सतरंजी घातली आणि गिटार आणून दिली.

त्यांचं बघणं निराळं होतं. त्यांनी गिटार आधी वाजवली नाही. मांडीवर पालथी घातली, पाठीवर बोटांनी टिचक्या मारत आवाज ऐकला. मग मान डोळ्याच्या रेषेत धरून बंदुकीसारखा नेम धरला. मोबाइलचा उजेड भोकात सोडून बराच वेळ आत पाहत राहिल्या. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. खुंट्या फिरवून पाहिल्या, तारा जिथे अडकवतात ती पट्टी उचलली गेलीय का ते नखाने तपासलं. तात्या बाजूला उभे राहून मंत्र म्हटल्यासारखे दोष सांगत होते. मॅडम प्रत्येक दोषाला 'हं' म्हणत होत्या आणि आपलं काम करत होत्या.

सगळ्यात शेवटी त्यांनी सहाही तारा एकेक करून छेडल्या आणि हात थांबवला. त्यांनी तात्यांकडे पाहिलं.

"किती दिवस झाले म्हणालात, कुणी हात लावला नाही?"

पोरगी सासरी गेल्यापासून टांगलेलीच आहे, असं तात्या म्हणाले.

"पण ही सुरात आहे."

"असंल."

"तारा नव्या आहेत, तात्या."

तात्या समोरच्या शेळीकडे बघायला लागले. शेळीनेही त्यांच्याकडे पाहिलं. "खिडकीतनं वारं लागतं," ते म्हणाले.

"वाऱ्याने सूर उतरतो. लागत नाही."

मग मॅडमनी प्यायला पाणी मागितलं. तात्या आत गेले तसं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की गिटार शंभर टक्के अस्सल आहे. आतल्या ठोकळ्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक आहे. वरची फळी प्लायवूडची नाही, अखंड लाकडाची आहे. इतकी जपलेली जुनी गिटार त्यांनी अलीकडे पाहिली नव्हती, आणि मी लावलेला भाव तिच्या खऱ्या किमतीच्या जवळपासही नव्हता. त्यांना ती फार आवडली होती, हे त्यांच्या हाताकडे बघूनच कळत होतं. तो मघापासून गिटारीवरून निघालाच नव्हता. मग त्यांनी विचारलं, या माणसाला ही विकायची का नाहीये? मी म्हटलं, मलाही तेच कळत नाही.

तात्या तांब्या घेऊन बाहेर आले. मॅडम पाणी प्यायल्या, ओढणीला हात पुसले आणि गिटार अगदी अलगद सतरंजीवर ठेवली.

"तुमचं बरोबर आहे, तात्या," त्या म्हणाल्या. "डुप्लिकेट आहे. मी नाही घेत."

मला वाटलं, आता तात्यांचा जीव भांड्यात पडेल. पण तात्या तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली.

"डुप्लिकेट कशावरनं म्हंता?"

मॅडम म्हणाल्या, तुम्हीच तर सांगितलंत.

"मी म्हनलो. पर तुमी तर मास्तरीण हाव ना गाण्याची? तुमाला कळाय नगं?" तात्यांनी तांब्या खाली ठेवला, गिटार उचलली आणि तिचं तोंड मॅडमसमोर धरलं. "ह्या रेघा बगा. लाकडाच्या. वरनं निघत्यात त्या भोकाच्या कडेनं आतपत्तुर जात्यात. प्लायवूड आसतं तर कडेला थर दिसलं आसतं, बिस्किटावानी. दिसत्यात का थर? आन् आतला नंबर बगितला का तुमी? कागदाव एक नंबर, लाकडाव तोच नंबर. डुप्लिकेट करनारा येवढं कशाला करतोय. मान बगा. केसाचा फरक न्हाई. लोक दुकानात जाऊन फसत्यात, आमच्या पोरीनं जुनी घेतली पर येकदम वरिजनल निवडून घेतली."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलतोय ते. ते मधेच थांबले. मॅडम खाली मान घालून ओढणीचं टोक नीट करत बसल्या. मला हसू आवरत नव्हतं आणि हसायची हिंमतही होत नव्हती. तात्या गिटार घेऊन ओट्याच्या पायरीवर बसले.

मग ते गिटारीकडे बघतच सांगायला लागले. नाशिकचे पाहुणे संगीताला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं. मुलगी गिटार वाजवते म्हणून पाहुण्यांनी हौसेने वाजवायला सांगितलं. तिने वाजवायला घेतली. गिटार उन्हातान्हातून एसटीने आलेली, तारा सैल पडलेल्या. तात्यांना गाण्यातलं काही कळत नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं त्यांना कळलं. आणि ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, सूर लागत नाही.

"मी गिटारीला म्हनलो व्हतो," तात्या म्हणाले. "तिला वाटलं, तिलाच म्हनलो."

संगीताने गिटार तिथेच खाली ठेवली. सोयरीक जुळली, लग्न झालं, सगळं नीट झालं. पण तिने परत गिटारीला हात लावला नाही. नाशिकला जाताना त्यांनी ती बांधून दिली तर म्हणाली, राहू दे इथंच, तिथं जागा नाही.

मग तात्यांनी एकेक शोधून काढलं. मोबाइलमध्ये सूर दाखवणारं एक यंत्र येतं, ते पुतण्याकडून घालून घेतलं. तार छेडायची, खुंटी फिरवायची, हिरवा दिवा लागला की थांबायचं. पहिल्यांदा एक तार तुटून हाताला लागली. नारायणगावच्या दुकानातून नव्या तारा आणल्या, दुकानदाराने त्यांना विचारलं की कोण वाजवतं, तर ते म्हणाले, कुणीच नाही. गिटार कशी ओळखायची, कशी पुसायची, पावसाळ्यात कशी ठेवायची, सगळे व्हिडिओ बघितले. संध्याकाळी दूध घालून आलं की ते ती खुंटीवरून काढायचे, सहाही तारांना हिरवा दिवा लावायचे आणि परत टांगायचे.

"मला वाजवता येत न्हाई," ते म्हणाले. "मी निस्ती सुरात ठेवतो. कवा आली आन् हातात घेतली, तर परत कुनी तसं म्हनाय नगं."

मॅडमनी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलंत का. तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दोष आसला की लगीच तोंडात येतो. बाकीचं येत न्हाई."

मग विकायला का काढली, असं मी विचारलं. तर त्यांचा हिशेब सरळ होता. लेकीने विका म्हणून सांगितलं होतं. तिचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण सांगायची सोय नव्हती. तेव्हा जाहिरात द्यायची आणि गिऱ्हाईक परत पाठवायचं, एवढंच उरत होतं. त्यासाठी खोटे दोष शोधताना फार जड गेलं, असंही ते म्हणाले. खरे असते तर त्रास झाला नसता.

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी गिटारीवर एकदा हात ठेवला आणि तात्यांना सांगितलं की थंडीत ती बॅगेत घालून ठेवत जा, लाकडाला चीर जात नाही. तात्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. त्यांची स्कूटर फाट्यावर लावलेली होती, तिथपर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. तोंडाला ओढणी बांधताना त्या म्हणाल्या की आता दुसरी शोधायला हवी, पण ही पाहिल्यावर दुसरी आवडणं कठीण आहे. मग गाडी सुरू करून त्या मंचरच्या रस्त्याला लागल्या.

मी तिथेच फाट्यावर उभ्या उभ्या जाहिरात काढून टाकली. आणि संगीताला फोन लावला. तात्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या कामाला लावलं असतं.

तिची ड्यूटी संपत आली होती. मी तिला गिटार विकली गेली नाही एवढं सांगितलं, तर ती म्हणाली, असू दे, तात्यांनी दोष सांगितले असतील. मग मी उरलेलं सांगितलं. हिरव्या दिव्याचं, नारायणगावच्या तारांचं, आणि तात्या त्या दिवशी कुणाला काय म्हणाले होते त्याचं. तिच्यामागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. तिने विचारलं, "ते अजून रोज करतात?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, ठेवते आता, आणि फोन ठेवला.

सुट्टी मिळाल्यावर ती आली. जावई आले, बाळ आलं, मलाही जेवायला बोलावणं आलं. तात्यांनी सकाळपासून तीनदा अंगण झाडलं आणि आल्या आल्या जावयाला सांगितलं की तुमचं पोट सुटायला लागलंय. जावई हसले. त्यांना सवय झालीय. दुपारी जेवणं झाल्यावर संगीता आतून गिटार घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर बसली. सवयीने तिचा हात खुंट्यांकडे गेला. तिने एक तार छेडली, मग दुसरी, मग सगळ्या. हात खुंटीवर तसाच राहिला. तिने वर पाहिलं. तात्या दावणीजवळ शेळीचं दावं सोडून परत बांधत होते.

तिने वाजवायला सुरुवात केली. बोटांची सवय गेली होती, मधे अडखळली, थांबली, पुन्हा पुढे गेली. बाळ टाळ्या वाजवत होतं. गाणं संपल्यावर तिने गिटार मांडीवर आडवी धरली आणि विचारलं, "तात्या, कसं झालं?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. हा प्रश्न तात्यांना कुणी विचारत नाही.

तात्यांनी हातातलं दावं टाकलं आणि ते ओट्याजवळ आले. चेहऱ्यावरून दिसत होतं की ते आतल्या आत फार कष्ट घेतायत.

"मधी दोन जागी अडकलीस," ते म्हणाले. मग पायरीवर न बसता तिच्यासमोर खाली जमिनीवरच मांडी घातली, बाळाला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आता पुन्यांदा वाजव."